रक्तात बुडबुडे सोडून हृदय पाहणे

इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका सिरिंज उभी धरून आतली हवा काढून टाकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिरेत हवा जाणे घातक असते. अशा वेळी हृदयाच्या 'इको' तपासणीत डॉक्टर म्हणाले की शिरेतून बुडबुड्यांचे औषध द्यायचे आहे, तर घरची मंडळी घाबरणारच.

इकोचे यंत्र ऐकू न येणारा ध्वनी छातीत सोडते व परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढते. रुग्ण स्थूल असला किंवा त्याला फुप्फुसाचा विकार असला, तर हे चित्र धूसर येते. रक्ताचा प्रतिध्वनी क्षीण असतो, वायूचा मात्र जोरदार. १९६८ साली अमेरिकेत रेमंड ग्रामिआक व प्रवीण शाह यांनी दाखवून दिले की इंजेक्शन देताना चित्रात ढगासारखे काही उमटते. ते होते बारीक बुडबुडे.

पण साधी हवा रक्तात चटकन विरघळते आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यापर्यंत टिकत नाही. येथे फ्लोरिन कामी आला. ऑक्टाफ्लोरोप्रोपेन या वायूत कार्बनचे ३ व फ्लोरिनचे ८ अणू असतात, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला स्निग्ध पदार्थाचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच दिले की काही मिनिटे टिकणारा बुडबुडा तयार होतो. तो बहुधा तांबड्या पेशीहूनही लहान असल्याने फुप्फुसातील केशवाहिन्यांतून सहज पार होतो. एका मात्रेतला सगळा वायू एक मिलिलिटरहूनही बराच कमी भरतो व श्वासावाटे बाहेर पडतो.

फ्लोरिन म्हटले की नळगोंड्याकडील विहिरींचे पाणी आणि डागाळलेले दात आठवतात. तो फ्लोराइड निराळा. या वायूत फ्लोरिन कार्बनला इतका घट्ट बांधलेला असतो की शरीर तो सोडवू शकत नाही.

म्हणून औषध अगदी निर्धोक समजू नये. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला व २००८ साली तो काहीसा सौम्य केला. गंभीर त्रास क्वचितच होतो, आणि झालाच तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात; तोवर तेथून उठून जाऊ नये. काही बुडबुड्यांच्या कवचात पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. पोट साफ करण्याच्या काही पावडरींतही तेच असते. अशा पावडरीने पूर्वी अंगावर पित्त उठले असेल, दम लागला असेल, तर ते आधीच सांगावे.

सी.टी. स्कॅनचे आयोडिनयुक्त औषध वेगळे. ते मूत्रपिंडावाटे जाते, हा वायू जात नाही. तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णाने "इंजेक्शन नको" म्हणण्याआधी ते कोणते, एवढे विचारावे.