पाऊस ओसरल्यावरचा ताप

पूर्व विदर्भात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हस्त नक्षत्राच्या सुमारास सरी विरळ होतात. पण हवेतला दमटपणा जात नाही. धुऱ्यांवर, पांदणीत गवत कमरेइतके वाढलेले असते. नेमक्या याच दिवसांत स्क्रब टायफस हा ताप डोके वर काढतो. नाव सारखे वाटले तरी टायफॉइडशी याचा संबंध नाही.

गवतात व झुडपांत कोळ्याच्या जातीचे अतिसूक्ष्म किडे राहतात. शेतातील उंदरांवर ते पोसतात. त्यांची पिल्ले माणसाला चावली की रोगजंतू शरीरात शिरतात. चावल्याचे कळतही नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही.

हिमालयाच्या पायथ्याचा गोरखपूरचा भागही असाच धानाचा व दमट. तेथे वर्षानुवर्षे पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने दगावत. २००५ साली हजाराहून अधिक बळी गेले. डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराची लस २००६ पासून देण्यात आली, तरी ही साथ थांबेना. पुढे २०१५-१६ च्या सुमारास झालेल्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. आपल्याकडे २०१८ साली नागपूर परिसरात या तापाने बळी घेतले तेव्हा कुठे हे नाव लोकांच्या कानावर आले.

या रोगाची एक खूण ध्यानात ठेवावी. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. काख, जांघ, कमरेची नाडी, स्तनांखालची जागा अशा झाकल्या भागी ती असते. रुग्ण लाजतो, दवाखान्यात गर्दी असते, आणि खपली तशीच राहून जाते! म्हणून घरच्यांनीच अंग नीट पाहावे व खपली दिसल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मात्र प्रत्येक रुग्णात ती असतेच असे नाही. तेव्हा गवतात काम केल्याचेही सांगावे.

यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध उत्तम चालते; गरोदर स्त्रियांना अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. पेनिसिलीनच्या जातीची औषधे येथे निरुपयोगी. रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहत उपचार लांबवणे धोक्याचे, कारण दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होऊ लागतो. धाप, कावीळ, लघवी कमी होणे, बरळणे यांपैकी काही दिसल्यास रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

लस अद्याप नाही. गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी येताच साबणाने अंघोळ करावी, ते कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुतलेले कपडे मात्र गवतावर वाळत घालू नयेत, दोरीवरच घालावेत.