कम्युनिटी कॉलेजमधून पदवी : आधी गणित मांडा



अमेरिकेतलं कोणी 'कम्युनिटी कॉलेजला जाते' म्हणालं की आपल्याला वाटतं, आयटीआयसारखं काहीतरी असेल. मलाही तसंच वाटायचं. माझी मावसबहीण लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली, इथली बारावी. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातल्यावर तिने अभ्यासाचा तक्ता मला तपासायला पाठवला. का, तर "ताई, तू शिक्षिका आहेस ना!"

ही कॉलेजं बहुतेक सरकारी. अशा कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला झाली असं मानतात. नेहमीची वाट अशी : इथे साधारण ६० क्रेडिट्सची दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी घ्यायची, मग विद्यापीठात जाऊन उरलेले ६० पूर्ण करायचे. पण काही राज्यांत आता पूर्ण पदवी कम्युनिटी कॉलेजातच मिळते. फ्लोरिडाने २००१ मध्ये सुरुवात केली. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि २०२१ मध्ये ती कायम केली. एक मोठी अट अशी : राज्याच्या विद्यापीठांत जी पदवी आहे तीच इथे पुन्हा नको. म्हणून फूटहिल कॉलेजात दंतआरोग्याची पदवी आहे, सांता मोनिकात इंटरॅक्शन डिझाइनची. इतिहासात बी.ए. करायचं असेल तर विद्यापीठ गाठावंच लागतं. म्हणजे विषय आधी ठरवायचा, कॉलेज नंतर.

आता तक्ता. तिथे एका सत्रात १२ क्रेडिट्स घेतले की तुम्ही 'पूर्णवेळ' विद्यार्थी. बहीण खूश होती, पूर्णवेळ आहे म्हणजे चार वर्षांत पदवी! मी तिला चौथीच्या मुलांना देते तसं उदाहरण घातलं. वर्षाला दोन सत्रं, चार वर्षांत आठ. १२ गुणिले ८ किती? ९६. हवेत १२०. चोवीस कमी, म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. वेळेत संपवायचं तर सत्राला १५ हवेत. आणि लेकरू सांभाळून सत्राला सहाच घेतले तर वीस सत्रं, दहा वर्षं! फोनवर ती गप्पच झाली.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. तिने सोपे विषय आधी लावले होते, रसायनशास्त्र 'नंतर बघू'. दंतआरोग्याला प्रवेश मिळण्याआधीच रसायन, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र झालेलं लागतं, आणि त्यातही एक झाल्याशिवाय दुसरं मिळत नाही. शिवाय काही विषय ठरावीक सत्रातच शिकवतात. आपण नाही का, बेरीज पक्की झाल्याशिवाय गुणाकाराला हात घालत नाही! मग आम्ही तक्ता शेवटून भरला. आधी शेवटचं सत्र, मग त्याच्या आधीचं. रसायनशास्त्र आपोआप पहिल्या सत्रात येऊन बसलं. तो कागद घेऊन तिने कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ घेतली.

खरं सांगू? तिला शिकवताना मीच ओशाळले. मी बारावीनंतर डी.एड. केलं, पदवी राहूनच गेली. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाच्या जागेची यादी निघाली की माझं नाव त्यात नसतं. मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका कपाटात कधीची पडून आहे. परवा रात्री ती काढली, वहीचं मागचं पान उघडलं आणि वर शेवटच्या परीक्षेचं वर्ष लिहिलं.