झोळी तुटत नाही, म्हणूनच जपा

सोयाबीनच्या निंदणाला निघालेल्या बाईच्या डब्याच्या पिशवीत पुष्कळदा एक जुनी साडीही असते. रिसोडकडचं काळं रान असो की मानोऱ्याकडचा माळ, वाशीम जिल्ह्यात धुऱ्यावरच्या निंबाला किंवा बाभळीला ही साडी बांधली जाते आणि तिच्यात तान्हं लेकरू निजतं. घरी तीच साडी टिनाखालच्या लोखंडी पाइपाला किंवा जुन्या घराच्या आड्याला लटकते. झोळी बांधून झाली की घरातलं कोणीतरी दोन्ही हातांनी तिला लोंबकळून बघतं. गाठ सरकली नाही, कापड करकरलं नाही, की झोळी पक्की ठरते. ही तपासणी करावीच. पण तिच्यामागे जी भीती आहे ती अर्धीच आहे. गुडघ्याइतक्या उंचीवरून झोळीसकट खाली आलेल्या लेकराला टेंगूळ येईल, फार तर हाड मोडेल. झोळीने जीव जातो तो बहुतेक वेळा ती न तुटल्यामुळे. कापड घट्ट, गाठ पक्की आणि मधे कोणाचा तरी गळा, अशी ती गोष्ट असते. म्हणून झोळी किती वजन पेलते याच्या बरोबरीने ती रिकामी असताना कुठे असते, हा प्रश्न मी या लेखात तुमच्यापुढे ठेवतो आहे.

धोका तान्ह्यापेक्षा त्याच्या मोठ्या भावंडाला जास्त असतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. साडीच्या झोक्यात खेळताना फास बसलेल्या मुलांच्या नोंदी भारतातल्या न्यायवैद्यक आणि बालरोगविषयक लिखाणात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातली मुलं बरीचशी शाळकरी वयाची असतात. हे कसं होतं ते नीट समजून घ्या. साडीची दोन्ही टोकं वर एकाच जागी बांधलेली असतात. पोर मधल्या खोळीत बसतं आणि गंमत म्हणून पायाने जमीन ढकलत गरगर फिरतं. प्रत्येक फेऱ्यागणिक डोक्यावरच्या दोन पदरांना पीळ बसतो. पीळ वाढतो तसा तो वरून खाली उतरत येतो. आधी डोक्याच्या वर असलेला तिढा कपाळापाशी येतो, मग हनुवटीखाली. त्याच क्षणी पोराचं बूड खोळीतून घसरलं, तर पिळलेल्या धुण्यासारखी कडक झालेली साडी थेट मानेवर आवळते. पाय जमिनीला टेकलेले असले तरी काही फरक पडत नाही.

पाय टेकलेले असताना फास कसा बसेल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर मानेच्या रचनेत आहे. डोक्यातलं रक्त खाली आणणाऱ्या शिरा कातडीच्या जवळ आणि मऊ असतात. पाठ्यपुस्तकांतल्या आकड्यांनुसार सुमारे 2 किलो दाबाने त्या बंद होतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्यांना 4 ते 5 किलो पुरतात. श्वासनलिका दाबायला मात्र 15 किलोच्या आसपास दाब लागतो. हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. मुलाची मान त्याहून नाजूक. आठ वर्षांच्या मुलाचं वजन साधारण 25 किलो भरतं आणि त्याच्या नुसत्या डोक्याचंच वजन 4 किलोच्या घरात असतं. म्हणजे सगळं अंग लटकायची गरज नाही, पुढे झुकलेलं डोकं आणि थोडं धड पुरतं. धमन्या दाबल्या गेल्या की 10 ते 15 सेकंदांत शुद्ध हरपते. शुद्ध गेली की मूल उभं राहू शकत नाही, स्वतःला सोडवू शकत नाही आणि दाब आणखी वाढतो. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा सुरू होते. आणि या सगळ्यात आवाज होत नाही. गळा आवळलेलं मूल ओरडत नाही. "रडलं असतं तर ऐकू आलं असतं," या भरवशावर पाठ फिरवणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट सांगायलाच हवी.

आता आपल्या जिल्ह्यातला दिवस डोळ्यापुढे आणा. सप्टेंबरअखेर सोयाबीनची सोंगणी सुरू होते, पाठोपाठ कापसाची वेचणी. हाताला माणूस मिळत नाही. मग आठ-दहा वर्षांची बहीण शाळा बुडवून तान्ह्याजवळ बसवली जाते, आणि आई लांब तासाला लागलेली असते. लेकरू उठतं, बहीण त्याला खाली घेते, ते खेळू लागतं. झोळी रिकामी होते. कंटाळलेल्या मुलीपुढे त्या रानात खेळायला दुसरं आहे तरी काय? लेकरू सांभाळायला ज्या मुलीला ठेवलं, तिलाच सांभाळणारं कोणी नसतं. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला असा, की बाळ उतरलं की झोळीही उतरली पाहिजे. निदान तिचा खालचा घोळ वर उचलून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर गाठ मारून ठेवायची. वर सरकगाठीऐवजी लोखंडी आकडा असला, तर झोळी काढायला पाच सेकंद लागतात आणि पुन्हा अडकवायला पाच. दर वेळी कोण सोडत बसणार, ही तक्रार खरी आहे; आकडा हे तिचं उत्तर आहे. तो आकडा बंद तोंडाचा, स्क्रूने आवळणारा असावा. उघड्या तोंडाच्या आकड्यातून हेलकाव्यासरशी कापड निसटतं. झोका द्यायला दूरवर नेलेली दोरीही तशीच काढून ठेवा. रांगणाऱ्या मुलाच्या हाती लागेल अशी वीतभराहून लांब दोरी झोळीजवळ नकोच.

तान्ह्याचा धोका वेगळा आहे आणि तो श्वासाचा आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेत जोर नसतो. झोळीचं कापड मधे खोल जातं, पाठीला बाक येतो आणि हनुवटी छातीला टेकते. एवढ्यानेही बाळाची अरुंद श्वासनलिका दुमडू शकते, आणि हे होताना ते झोपल्यासारखंच दिसतं. दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ मिटलं, तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर निजवावं. बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम तिथे 1994 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. 2022 मध्ये तर त्या देशाने 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या, बाळ झोपवण्यासाठीच्या उत्पादनांवर कायद्याने बंदी घातली. आपल्या झोळीतल्या बाळाची पाठ किती अंशांत वाकते, हे मोजायला कोनमापक लागत नाही. बाजूने बघितलं की कळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या पाच पिढ्या झोळीतच वाढल्या, त्यांना काय झालं? वाढले ते सांगायला उरले, गेले त्यांची पिढी मोजली जात नाही, हे त्याचं कठोर पण खरं उत्तर आहे. एका गावात अशी घटना क्वचितच एखादी घडते. गाव ती नशिबावर ढकलतं, शेजारच्या तालुक्यातली तशीच घटना गावाला कळत नाही, आणि सगळ्या घटना एका ओळीत कधी मांडल्याच जात नाहीत. शिवाय झोळी तीच राहिली असली तरी भोवतालचं सगळं बदललं आहे. पूर्वी झोळीजवळ आजी बसलेली असे. आता आजीही मजुरीला जाते, किंवा गावात आजी आणि पुण्यात बांधकामावर नातू, अशी ताटातूट असते. साडीही बदलली. जुनी धुवट सुती साडी हवा खेळू देत असे आणि अति ताण आला तर फाटतही असे. पॉलिस्टरची साडी गुळगुळीत असल्याने तिची गाठ सरकते, पण कापड फाटत नाही. घाम धरून ठेवते ते वेगळंच. झोळी बांधायचीच असेल तर सुती कापडाची बांधा. आणि कापड कुठे विरलं आहे का, ते उजेडासमोर धरून बघा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वावरात लेकरू जमिनीवर ठेवायचं कुठे? विंचू, साप, मुंगळे, ओल. सपाट बिछान्याचा सल्ला शहरातल्या खोलीत शोभतो, धुऱ्यावर नाही. हे म्हणणं मला मान्य आहे, आणि म्हणूनच झोळी बंद करा असं मी म्हणत नाही. झोळी रडं थांबवायला, डोळा लागायला उत्तम आहे. हेलकाव्याने लेकरू शांत होतं, यात वाद नाही. पण झोप लागल्यावर त्याला तिथेच दोन-तीन तास ठेवू नका. वावरात बाज असेल तर तिची वीण आवळून ती ताठ करा, वर घट्ट घडीची गोधडी घाला, मच्छरदाणी लावा आणि लेकरू पाठीवर निजवा. पालथं पडू लागलेलं लेकरू बाजेवर एकटं ठेवता येत नाही. त्याच्यासाठी तण काढून साफ केलेल्या जागेवर ताडपत्री आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी बरी. हे काहीच जमत नसेल आणि झोळीतच निजवावं लागणार असेल, तर साडीच्या दोन्ही पदरांमध्ये आडवी काठी घालून तोंड उघडं ठेवा. काठी बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी वर हवी आणि तिची टोकं कापडात पक्की बांधलेली हवीत. खोळीत उशी घालू नका, दूध पाजल्या पाजल्या आत ठेवू नका. ऊन लागू नये म्हणून झोळीवर दुसरी साडी टाकून ती चहूबाजूंनी झाकण्याची सवय तर सोडाच. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा त्या बंद खोळीत बाळ तापतं. सावली झाडाची असावी. आणि झोळीजवळ मोठं माणूस हवं, मूल नव्हे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला नेमण्याची तरतूद केली, कारण तेही काम आहे हे कायद्याने ओळखलं. खाजगी वावरात दहा बायांची टोळी सोंगणीला येते, तेव्हा मालकाने एकीची मजुरी मुलं सांभाळण्यासाठी धरायला काय हरकत आहे? टोळी ठरवताना हे बोलून घेता येतं. आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी हा विषय बैठकीत काढला, तर तो शेतकऱ्यांपर्यंत लवकर पोहोचेल.

झोळी कशाला बांधली आहे, हेही बघायचं. शेवग्याची फांदी कडकन मोडते, वाळलेल्या फांदीचा नेम नाही, आणि कीड लागलेलं आडं बाहेरून धडधाकट दिसतं. पंख्याच्या हुकाला झोळी नको. फिरत्या पंख्याखाली तर नकोच. टिनाच्या शेडमधून विजेची वायर गेली असेल, तर त्याच पाइपाला झोळी बांधू नका. उघडी पडलेली वायर आख्ख्या सांगाड्यात करंट उतरवते. ढग गडगडू लागले की झाडाखालची झोळी आधी सोडा आणि लेकरू घेऊन पक्क्या घरात जा. मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात, आणि धुऱ्यावरचं एकटं झाड ही सगळ्यात वाईट जागा.

मोठ्यांच्या नायलॉनच्या झोल्याचं गणित थोडं वेगळं आहे, कारण तो दोन टोकांना ताणून बांधतात. इथे जितका ताण जास्त, तितका तो सुरक्षित, असा समज आहे; तो उलटा आहे. दोऱ्या आडव्या रेषेपासून 30 अंश खाली उतरत असतील, तर 60 किलोच्या माणसामुळे प्रत्येक दोरीवर 60 किलोचाच ओढा येतो. त्याच दोऱ्या ताणून 10 अंशांवर आणल्या की प्रत्येक टोकावरचा ओढा 170 किलोच्या वर जातो, आणि तो खांबाला आडवा खेचतो. विटांचा सुटा खांब, फाटकाचा स्तंभ, गच्चीचा कठडा वरचं वजन पेलायला बांधलेले असतात. आडव्या ओढीला ते उभेच्या उभे माणसावर कोसळतात. म्हणून झोला सैल बांधा, मांडीइतक्या जाड जिवंत झाडाला किंवा आरसीसीच्या खांबाला बांधा, आणि बसल्यावर बूड जमिनीपासून खुर्चीइतक्याच उंचीवर राहील असं बघा. खाली फरशी किंवा दगड नको. नागपंचमीच्या झोक्यावर बसणाऱ्या मुलींनी ओढणी कमरेला खोचावी. झोक्याच्या दोरात ती अडकली तर तीही गळ्याला आवळते.

आणि कधी वेळ आलीच, तर पहिल्यांदा मुलाला खालून उचलून धरा, म्हणजे मानेवरचा भार उतरेल. गाठ शोधत बसू नका. साडी विळ्याने कापा, पण मूल धरूनच. सपाट जागी निजवा. श्वास चालू नसेल, तर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्या. 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास. मदतीला दुसरं कोणी असेल तर त्याने लगेच 108 ला फोन लावावा. मान पिरगळू नका, पाणी पाजू नका. मूल शुद्धीवर आलं, बोललं, हसलं तरी त्याला घरी नेऊ नका. गळ्याच्या आतली सूज आणि फुप्फुसांत साठणारं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. त्या मुलाला किमान एक दिवस रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या, आणि नेमकं काय झालं ते न लपवता डॉक्टरांना सांगा. लोक काय म्हणतील या धास्तीने "पडलं" म्हणून सांगितलं, तर गळ्याची तपासणी राहून जाते.