रोमान्तिका (गोवर) आणि लसीकरण

माधवनिदानात मसूरिका प्रकरणातच रोमान्तिकेचे वर्णन मोजक्या शब्दांत आले आहे. पिडका रोमकूपांच्या उंचवट्याएवढ्या, रक्तवर्ण व कफपित्तज असतात. सोबत कास व अरोचक असतो, आणि ज्वर आधी येतो. यातील ज्वरपूर्वकता आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पुरळ उमटण्यापूर्वी सुमारे चार दिवसांपासून रुग्ण संसर्ग पसरवीत असतो. 'गोवर निघाला' म्हणून आई बाळाला आणते, तोवर आसपासच्या मुलांना बाधा होऊन गेलेली असते.

निमोणे परिसरात ऊसतोडीच्या हंगामात हे प्रकर्षाने जाणवते. पहिली मात्रा गावी झालेली असते. दुसरीच्या वेळी टोळी इकडे कोप्यांवर असते. अशाच एका दीड वर्षाच्या मुलास ज्वर, कास व नेत्ररक्तता असता आम्ही प्रतिश्याय समजून औषध दिले. दोन दिवसांनी कानामागून पुरळ उमटले. गालाच्या आतील पांढरे ठिपके पाहावयाचे राहिले होते, आणि लसीचे कार्डही आम्ही विचारले नव्हते.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : व्याधिबलविरोधित्व आणि व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व. लसीचे कार्य दुसऱ्या अर्थाचे होय. तीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. त्यामुळे व्याधी न होता शरीर प्रतिकार शिकते. मातेकडून आलेली प्रतिद्रव्ये पहिले काही महिने लसीचा प्रभाव कमी करतात, म्हणून आपल्याकडे पहिली मात्रा 9 महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी 16 ते 24 महिन्यांत देतात. एका मात्रेने सुमारे 93 टक्के, दोहोंनी 97 टक्के संरक्षण मिळते. गोवर इतका संसर्गजन्य आहे की, समाजातील सुमारे 95 टक्के लोक संरक्षित असल्याविना त्याचा प्रसार थांबत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात उद्रेक होऊन बालके दगावली, तेव्हा काही भागांत 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा द्यावी लागली.

'गोवर एकदा निघून गेलेला बरा' असे वडीलधारी मंडळी आम्हांस सांगतात. वस्तुतः गोवरानंतर शरीरात पूर्वी झालेली अन्य रोगांविरुद्धची प्रतिद्रव्येही घटतात, असे 2019 च्या संशोधनात दिसले. श्वसनक व अतिसार नंतर गाठतात, ते उगाच नव्हे.

कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवण्यास आमची हरकत नाही. मात्र पाणी व स्तनपान तोडू नये. संशयित रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावा. जीवनसत्त्व 'अ' ची मात्रा लागोपाठ दोन दिवस तेथून मिळते. श्वास जलद झाल्यास, आकडी आल्यास किंवा मूल पाणी पिईनासे झाल्यास रुग्णालयात पाठवावे, आणि घरातील इतर मुलांची कार्डे त्याच दिवशी मागवावीत.