उन्हाळ्यातला निवांत रविवार : सुट्टी नक्की कुणाची?



'माझा सुट्टीचा दिवस' हा विषय फळ्यावर लिहिला की मुलं भराभर लिहायला लागतात. उशिरा उठतो, कार्टून बघतो, कॅरम खेळतो... आणि एक वाक्य बहुतेक वह्यांमध्ये सापडतंच : 'आई छान छान खाऊ करते.' म्हणजे सगळ्या घराला सुट्टी आणि आईला जादा काम! तेही एप्रिल-मेच्या उकाड्यात, गॅसपाशी उभं राहून. आजचा पाठ याच वाक्यावर आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना तो सहज समजेल.

रविवारची सुट्टी आली कुठून?

मुलांना वाटतं, रविवारी सुट्टी ही पहिल्यापासूनच असते. तसं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

हे सांगून झालं की मुलांना विचारा, "गिरणीतल्या बाईला रविवार मिळाला, पण तिच्या घरातल्या चुलीला मिळाला का?" वर्ग क्षणभर गप्प होतो. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "नाही, बाई."

एक शब्द शिकू या : वामकुक्षी

'वाम' म्हणजे डावी आणि 'कुक्षी' म्हणजे कूस. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवं होणं म्हणजे वामकुक्षी. आता घरी निरीक्षण करायला सांगा : रविवारी दुपारी घरात वामकुक्षी कोण कोण घेतं? आणि त्या वेळी भांडी कोण घासतं?

स्वयंपाकघरालाही थोडी सुट्टी

विश्रांती म्हणजे सगळ्यांनी नुसतं लोळणं नव्हे. कामं वाटून घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी विश्रांती येते. हे करून बघा :

१. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पन्ह्याची तयारी करा. मोठ्यांनी कैऱ्या उकडून द्याव्यात. गार झाल्यावर मुलांनी गर काढून त्यात गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून कालवावं. गोडी-आंबटपणा चाखून ठरवावा.

२. रविवारी गॅस सकाळी लवकर एकदाच पेटवायचा. दुपारी दहीभात, काकडीची कोशिंबीर, पापड आणि पन्हं. पोट भरतं आणि भर दुपारी कुणाला घामाघूम व्हावं लागत नाही.

३. माठ भरणं हे मुलांचं काम. जमलं तर आत वाळ्याची जुडी टाका. पाणी गार का होतं, तेही इथेच सांगता येईल : मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. अंग पुसताना ओल्या फडक्याने गार वाटतं, त्यामागेही हेच कारण.

४. कुरडया-पापड रविवारीच घालायचे असतील, तर गच्चीवर चादर अंथरणं, कावळे हाकलणं आणि संध्याकाळी वाळवण गोळा करणं ही कामं मुलांकडे आणि बाबांकडे.

५. जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच.

मुलांसाठी उपक्रम

वहीत दोन रकाने आखा : 'काम' आणि 'विश्रांती'. घरातल्या प्रत्येकाला रविवारी किती तास काम आणि किती तास विश्रांती मिळाली ते लिहा. सोमवारी वर्गात चर्चा करा. इथे एक काळजी मात्र घ्यायला हवी : कुणाच्याही घराला नावं ठेवायची नाहीत. काही मुलांचे आई-बाबा रविवारी मजुरीला किंवा दुकानात जातात. त्यांची सुट्टी वेगळ्या वारी असते किंवा नसतेही. अशा मुलांनी तसंच लिहावं. तेही शिकणंच आहे.

विचार करा आणि सांगा

• लोखंडे यांनी सुट्टी एकट्यासाठी मागितली की सगळ्यांसाठी?
• तुमच्या घरात सर्वांत कमी विश्रांती कुणाला मिळते?
• पुढच्या रविवारी त्यांचं कोणतं एक काम तुम्ही कराल?

पालकहो, मुलाने हा तक्ता घरी आणला तर रागावू नका. एकत्र बसून वाचा. पुढच्या वेळी निबंधात एखादं मूल 'रविवारी दुपारी आई पंख्याखाली झोपते आणि आम्ही आवाज करत नाही' असं लिहील, तेव्हा हा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असं समजू या.

तुमच्या वर्गात आणि घरी हा उपक्रम कसा झाला, ते जरूर कळवा.