एका गावाची वाटणी

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या काठी पिंपळे सौदागर नावाचे एक गाव आहे. गाव म्हणावयाचे ते केवळ जुन्या सवयीने, कारण आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले असून तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते शे-सव्वाशे घरांचे साधे खेडे होते. तेथे ना किल्ला, ना प्रसिद्ध देवस्थान. कोणतीही लढाई तेथे झाली नाही. असे असूनही या खेड्याचे नाव इंग्लंड-अमेरिकेतील विद्वानांच्या ग्रंथांत वाचावयास मिळते. ते तेथे कसे पोहोचले, याची ही हकीकत आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे त्या वेळचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी प्रथम आसामातील चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केले. मातीची परीक्षा हा त्यांचा व्यवसायच होता. पण मातीबरोबर ती कसणाऱ्या माणसाचीही परीक्षा झाली पाहिजे, असे त्यांचे मत होते. इंग्लंडमध्ये असताना बेडफर्डशायर परगण्यातील रिजमाँट या खेड्यात त्यांनी घरोघर फिरून कोणाची मिळकत किती, कोणाचे पोट भरते आणि कोणाचे भरत नाही, याची मोजदाद केली होती. तोच प्रयोग त्यांनी दख्खनमध्ये करावयाचे ठरविले आणि पिंपळे सौदागर निवडले. सहस्रबुद्धे, कानिटकर इत्यादी मराठी सहकारी त्यांच्यासोबत होते. या मंडळींची मदत नसती, तर परक्या साहेबापुढे आपले कर्ज किती हे कोणत्या शेतकऱ्याने खरे सांगितले असते? त्यांनी शेतागणिक माती पाहिली, पिके लिहून घेतली, बैल मोजले, सावकाराचे व्याज मोजले. १९१७ साली हा सर्व अभ्यास इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम, असा त्याच्या नावाचा अर्थ.

त्या ग्रंथातील एक माहिती फार गाजली. गावाच्या जुन्या कागदपत्रांवरून मॅनसाहेबांनी असे दाखविले की, १७७१ साली, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, येथील एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली, पेशवाई बुडाली त्या वर्षी, ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात ती १४ एकर झाली आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर उरली. शिवार तेच, नदी तीच, माती तीच. पण सुमारे दीडशे वर्षांत एकेका खातेदाराच्या वाट्याची जमीन सहापटींनी घटली.

हे आकडे जरा थांबून पाहावेत. या सगळ्याचा दोष इंग्रजी राज्यावर टाकून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. पण सर्वांत मोठी घट १७७१ ते १८१८ या काळातील आहे आणि तेव्हा तर राज्य आपलेच होते! इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले, जमीन गहाण ठेवणे व विकणे सोपे झाले आणि सावकाराचे फावले. हे सर्व खरे आहे. तथापि तुकडे पडण्यास प्रारंभ झाला होता तो त्याआधीच, आणि तो घरातून झाला होता.

आता घरातून म्हणजे कसा, ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याची १८ एकर जमीन आहे. तिच्यापैकी ३ एकर विहिरीखालची बागाईत, ६ एकर नदीकडची काळी आणि ९ एकर माळावरची मुरमाड. त्याला तीन मुलगे. बाप वारल्यावर वाटणीची वेळ आली. एकाने बागाईत घ्यावी, दुसऱ्याने काळी आणि तिसऱ्याने मुरमाड, असे कोणी सुचविले तर ते चालेल काय? माळावरच्या मुरमात बाजरीसुद्धा जेमतेम उगवते. तिसरा भाऊ म्हणेल, “मी काय सावत्र आहे?” म्हणून पंच बसतात आणि प्रत्येक शेताचे तीन सारखे भाग करतात. प्रत्येक भावाला बागाईत १ एकर, काळी २ एकर आणि मुरमाड ३ एकर मिळते. तीन शेतांचे नऊ तुकडे झाले. पुढे प्रत्येकाला दोन मुलगे झाले, की अठरा तुकडे. त्यांनाही दोन-दोन मुलगे झाले, की छत्तीस. आता त्या मूळ पुरुषाच्या बारा पणतवंडांपैकी प्रत्येकाकडे बागाईत १० गुंठे, काळी २० गुंठे आणि मुरमाड ३० गुंठे, अशी तीन दिशांना तीन ठिकाणी मिळून दीड एकर जमीन आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच.

दहा गुंठ्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात औत घातले तर बैलांना वळावयास जागा पुरत नाही. प्रत्येक पट्ट्याला दोन्ही अंगांना बांध; त्या बांधाखाली जमीन अडकते ती वेगळीच. त्या बांधावरून दरवर्षी नांगराचा फाळ वीतभर पलीकडे सरकतो आणि मग भाऊबंदकी कोर्टाच्या पायरीपर्यंत जाते. विहीर एक आणि मोटेच्या पाळ्या बारा. एका शेतातून दुसऱ्या शेतात खत वाहून न्यावयाचे तर तिसऱ्याच्या उभ्या पिकातून वाट मागावी लागते. मॅनसाहेबांना पिंपळे सौदागरात नेमके हेच आढळले. दीडशेच्या आसपास खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती आणि कित्येक तुकडे तर एकराहूनही लहान होते.

हे उदाहरण मी वर्गात अनेक वर्षे फळ्यावर मांडीत असे. एकदा एका मुलीने उठून विचारले, “गुरुजी, त्या शेतकऱ्याला मुली नव्हत्या का?” मी क्षणभर निरुत्तर झालो. मुली असतीलच, पण त्या काळी वाटणीच्या पंगतीत त्यांचे पान मांडले जात नसे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सर्व देशात २००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून फळ्यावरचा हिशेब मी मुलामुलींना धरून करू लागलो. छत्तीसाचे तुकडे आणखी वाढले हे खरे, पण हिशेब बरोबर झाला.

एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. तुकडे करणारे ते शेतकरी मूर्ख नव्हते. प्रत्येक भावाला चांगल्यातले चांगले आणि वाईटातले वाईट सारखेच मिळावे, यात न्याय होता. शिवाय एका ठिकाणी पाऊस दगा देई, पण दुसऱ्या ठिकाणी थोडेबहुत पीक हाती लागे. मात्र प्रत्येक पिढीने केलेल्या न्यायातून पुढच्या पिढीचे दारिद्र्य जन्मास आले. पिंपळे सौदागरातील १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडून पाहिला, तेव्हा केवळ शेतीवर नीट निर्वाह होणारी कुटुंबे अगदी बोटांवर मोजण्याइतकी निघाली. काहींनी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात किंवा अन्यत्र मजुरी करून तोंडमिळवणी केली होती. उरलेल्या सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचा खर्च उत्पन्नात भागत नव्हता. पुढे मॅन आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास करून तो १९२१ साली प्रसिद्ध केला. तेथील चित्र याहून बिकट होते. शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी कुटुंबे तोट्यात होती.

यावर उपाय काय? पुष्कळ जाणते लोक म्हणू लागले की, तुकडे एकत्र जोडा आणि यापुढे वाटणीस बंदी करा. पण १९१८ साली एका तरुण अभ्यासकाने हिंदुस्थानातील लहान शेतांवर एक निबंध लिहून निराळाच प्रश्न उपस्थित केला. मॅनसाहेबांचे पिंपळे सौदागरचे आकडेही त्याने तपासले होते. हा अभ्यासक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. पाणी, अवजारे, बैल आणि भांडवल पुरेसे असेल तर लहान शेतही किफायतशीर होते. ते नसेल तर मोठे शेतही पोट भरीत नाही. खरा रोग असा की, दुसरा धंदाच नसल्यामुळे नको तितकी माणसे जमिनीला चिकटून राहिली आहेत. त्यांना काम देतील असे कारखाने काढा, म्हणजे जमिनीवरील भार आपोआप हलका होईल. १९२७ साली तुकडेबंदीसंबंधी विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. एका भावाला सगळी जमीन देऊन बाकीच्यांनी जावे कोठे, हा प्रश्न त्या विधेयकाने सोडविला नव्हता. ते विधेयक मागे पडले. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. पण कागदावर न होणाऱ्या वाटण्या शिवारात तोंडी होतच राहिल्या.

ही कहाणी आपल्यापुरतीच आहे असे समजू नका. समुद्रापार जावा बेटातही अशीच खेडी आहेत. आपल्या पाटलाला जशी इनाम जमीन असे, तशी तेथील गावप्रमुखाला पगाराऐवजी जमीन मिळे. तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. कित्येक गावांत तर भातखाचरे कोणा एकाची नसून गावाची असत आणि ठरावीक काळाने ती कुटुंबांत नव्याने वाटली जात. आपल्याकडे जमीन बापाकडून येई, तेथे गावाकडून. तरी परिणाम एकच झाला. १८१५ च्या सुमारास जाव्याची लोकसंख्या अर्ध्या कोटीच्या आत मोजली गेली होती. १९०० पर्यंत ती पावणेतीन कोटींच्या पुढे गेली. त्यातच १८३० पासून डच सरकारने जमिनीचा काही हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना लावावयास भाग पाडले. भाताची कापणी तेथील बायका तळहातात मावणाऱ्या एका इवल्याशा पात्याने करीत. एकेक ओंबी खुडावयाची. विळ्याने सपासप कापले तर भाताची देवी श्री भिते, अशी त्यांची समजूत. पण या मंद कापणीचा दुसराही उपयोग होता. गावातील पुष्कळ हातांना काम मिळे आणि प्रत्येकीला आपल्या खुडणीचा वाटा घरी नेता येई. आम्ही जमीन वाटली, त्यांनी काम वाटले. दोन्हीकडे अखेरीस दारिद्र्यच वाटले गेले, असे अभ्यासक म्हणतात. मला मात्र ती ओंबी खुडणारी बाई आमच्या वाटणीच्या पंचांइतकीच समंजस वाटते.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. मी राहतो ते भांडुपही एके काळी साष्टीतील एक खेडे होते. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस मिठागरे आणि खाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी या गावाच्या हद्दीतून धावत गेली. मात्र साष्टीतील जमिनीची रीत देशावरील रीतीहून निराळी होती. येथील कित्येक गावे कंपनी सरकारने एकेका धनिकाच्या नावे करून दिली होती. शेजारची पवई फ्रामजी कावसजी यांच्याकडे होती. अशा इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने संपली. म्हणजे जमीन कसणारा येथे बहुधा वाटणी करावयासही मालक नसे. पिंपळे सौदागरात अनेक मालक आणि तुकडे इवलेसे. साष्टीत गाव सगळे आणि मालक एक. यांतील बरे कोणते, हे मी मुलांना विचारीत असे आणि वर्गात दोन तट पडत.

पुढे दोन्ही ठिकाणी कारखाने आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्यानंतर त्या भागात कारखान्यांची रांगच लागली. भांडुपच्या रस्त्यालगतही गिरण्या व कारखाने उभे राहिले. आंबेडकरांनी म्हटल्याप्रमाणे माणसे जमिनीवरून उठून यंत्राकडे गेली. कारखान्यांमागून वस्ती आली आणि वस्तीमागून जमिनीचा भाव आला.

आता फळ्यावरचा तो दहा गुंठ्यांचा पट्टा पुन्हा आठवा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट झाले. जेथे बैलांना वळता येत नव्हते, तेथे समजा चाळीस बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली. भागाकार करून पाहा. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्यास सुमारे २७२ चौरस फूट, म्हणजे एका बेताच्या खोलीएवढी जमीन येते. पण ती कोणती, हे कोणासही बोटाने दाखविता येणार नाही. कारण ती जमीन एकट्या-दुकट्याच्या नावावर नसून सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावावर सामाईक असते. सख्ख्या भावांना जे शेत एकत्र ठेवता आले नाही, ते आज परस्परांचे गावही ठाऊक नसलेली चाळीस कुटुंबे एकत्र धरून बसली आहेत. भांडणे तेथेही होतात. परंतु ती पाण्याच्या टाकीवरून आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागेवरून.