अल्फाझीरोने दिलेला घोडा

प्याद्याचा एक गुण, घोडा आणि उंटाचे तीन-तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. बुद्धिबळ शिकताना हा हिशोब पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. पण मोहरा लढतो आहे की बराकीत बसून आहे, हे त्या हिशोबात येत नाही. २०१७ साली दोन संगणकांमध्ये झालेल्या एका डावात हा फरक फार स्पष्ट दिसतो. पट जवळ असेल तर मांडूनच वाचा.

पांढरी मोहरी डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरोकडे होती, काळी स्टॉकफिश ८ कडे. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, अल्फाझीरो फक्त ८० हजार. अल्फाझीरोला नियमांपलीकडे काहीच सांगितले नव्हते, तो स्वतःशीच खेळून शिकला होता. १०० डावांपैकी त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले. स्टॉकफिशला ओपनिंगचे पुस्तक दिले नव्हते आणि प्रत्येक खेळीला ठरलेला एकच मिनिट होता, म्हणून अनेकांनी सामन्यावर टीका केली. ती टीका मला पटते. इथे मात्र आपण निकाल नाही, एक डाव पाहतो आहोत.

ओपनिंग क्वीन्स इंडियन. सातव्या खेळीला पांढऱ्याने डी-५ खेळून एक प्यादे सोडले. हे पोलुगायेव्स्की गँबिट माणसांनीही खेळलेले आहे, त्यामुळे तिथे थांबत नाही. काळ्याची अठरावी खेळी झाल्यावरची स्थिती मांडा.

पांढरा: राजा जी-१, वजीर ए-४, हत्ती ए-१ आणि एफ-१, उंट सी-१ आणि जी-२, घोडा एच-६, प्यादी ए-२, सी-३, एफ-२, जी-३, एच-२. काळा: राजा जी-७, वजीर डी-६, हत्ती ए-८ आणि एफ-८, उंट सी-८ आणि ई-७, घोडा बी-८, प्यादी ए-७, बी-६, सी-६, एफ-७, जी-५, एच-७.

काळ्याने नुकतेच जी-५ प्यादे पुढे टाकून सी-१ च्या उंटाचा घोड्याला असलेला जोर तोडला आहे. घोडा जी-४ वर परत येऊ शकत होता, तिथे त्याला वजिराचा जोर होता. अल्फाझीरोने त्याच्याकडे पाहिलेही नाही. एफ-१ चा हत्ती ई-१ वर नेला. काळ्या राजाने घोडा मारला आणि पांढऱ्याने शांतपणे एच-४ खेळले. जी-५ चे प्यादे ते मारू शकत नाही, कारण ते हलले की उंटाचा राजाला शह लागतो.

श्पीलमान या ऑस्ट्रियन खेळाडूने बलिदानाचे दोन प्रकार सांगितले होते. एकात मोबदला मोजता येतो, म्हणून ते नावापुरतेच बलिदान. दुसऱ्यात तो मोजता येत नाही, आणि तेच खरे. हा घोडा दुसऱ्या प्रकारातला. पुढे मात नव्हती, लगेच परत मिळणारे काही नव्हते.

मग काय होते? पुढच्या खेळ्या पाहा. काळ्याने एफ-६, पांढऱ्याने उंट ई-३, काळ्याने उंट एफ-५, पांढऱ्याने दुसरा हत्ती डी-१. काळा वजीर ए-३ वर पळाला. आता पांढऱ्याचा एकही मोहरा रिकामा नाही. काळ्याचा बी-८ चा घोडा मात्र हलू शकत नाही. सी-६ च्या प्याद्यावर जी-२ च्या उंटाची नजर आहे आणि त्या प्याद्याला जोर फक्त या घोड्याचा. डी-७ वर पांढऱ्या हत्तीचा पहारा. घोडा अडकला म्हणून त्याच्यामागे ए-८ चा हत्तीही अडकला. कागदावर काळा वरचढ, पण त्याचे आठ गुण घरीच बसलेले.

यानंतर वजीर सी-४, काळ्याचे बी-५, प्याद्यांची मारामारी, वजिराचा एच-४ वरून शह, राजा जी-६. वजिरावर प्याद्याचा मार आला आणि सव्विसाव्या खेळीला तो गेला थेट एच-१ च्या कोपऱ्यात! एक घोडा आणि एक प्यादे कमी असताना, हल्ला चालू असताना, शह न देता. मला संपूर्ण डावात हीच खेळी सर्वांत आवडते. कोपऱ्यातून वजीर एच रांगही पाहतो आणि उंटामागून तीच सी-६ ची तिरकी रेघही.

पुढे पांढऱ्या उंटांची अदलाबदल झाली, वजीर एच-३ वर आला. तिसाव्या खेळीला पांढरा राजा जी-२ वर सरकला, हत्तीला एच-१ मोकळे करून द्यायला. त्याच वेळी काळा वजीर ए-२ चे प्यादे खात होता. हत्ती एच-१ वर येताच तो धावत जी-८ ला परतला आणि पांढऱ्याने सी-४ खेळून त्याच्यामागे दार लावले. मग डी-४ वर उंटांची अदलाबदल, डी-८ वर हत्तींची, आणि पांढरा वजीर ई-६ वर.

छत्तिसाव्या खेळीला काळ्याचा बी-८ चा घोडा पहिल्यांदा हलला, डी-७ वर. पांढरा हत्ती लगेच डी-१ वर आला. घोडा आता हत्ती आणि स्वतःच्या वजिराच्या मध्ये सापडला. त्याने सी-५ वर उडी मारून वजिरावर मार केला, हत्तीने डी-८ चा वजीर मारला, घोड्याने ई-६ चा. आणि एकोणचाळिसाव्या खेळीला पांढऱ्या हत्तीने ए-८ चा हत्ती मारला. तो हत्ती संपूर्ण डावात एकदाही हललेला नव्हता.

एकोणिसाव्या खेळीला दिलेल्या घोड्याची परतफेड वीस खेळ्यांनी झाली. उरले ते हत्ती विरुद्ध घोडा. काळ्याकडे दोन प्यादी जास्त होती, ती पांढऱ्या हत्तीने एकेक करून टिपली.